आज सगळ्यांकडे वारा आहे

ह्युएला उतरलो, तर सायकलरिक्षावाला
फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होता, "गा! गा!"
इतक्या सकाळी, दोन्ही हातांत पिशव्या, कोण गाणार?
मग कळलं, इथे स्टेशनाला गा म्हणतात.
फ्रेंच गेले. इमारत राहिली, गुलाबी,
आणि शब्दाचं शेपूट तुटून एवढंच: गा.

लेक दा नांगला नोकरीला, रविवारपर्यंत तिला सवड नाही.
म्हणून मी एकटाच, दोन दिवस,
तोन नू दिएउ बाईंच्या माडीवर.
बाई सत्तरीच्या. नाव राजघराण्यातलं, धंदा तिसऱ्यांचा.
आपल्यासारख्या नव्हेत, नखाएवढ्या.
नदीतून येतात, उकडतात, गार भातावर पडतात.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गल्ली जागी.
दारोदार टेबलं. भात, केळी,
चोचीसकट उकडलेली कोंबडी, जाळायच्या खोट्या नोटा.
लग्न? मी खुणेने विचारलं.
बाई फोनमध्ये काही बोलल्या. फोन मराठीत म्हणाला,
"आज सगळ्यांकडे वारा आहे."

पान हलत नव्हतं.

त्यांचा भाचा खाई, हॉटेलात कामाला, इंग्रजी जाणणारा,
तो म्हणाला: वारा आणि श्राद्ध,
आमच्यात जवळजवळ एकच शब्द. यंत्र चुकतं.
अडुसष्ट साल, नववर्षाचा सण, आणि पुढचे तीन-साडेतीन आठवडे.
त्यामुळे या गल्लीत सगळ्यांच्या तिथ्या पाठोपाठ.
कुणी कुणाला जेवायला बोलवायचं? सगळेच यजमान.
परका सापडला तर बरं.

म्हणून मी.

फाटकाच्या खांबात गोळीचं भोक.
बाईंनी त्यात तीन उदबत्त्या खोचल्या,
न बघता, खुंटीला पिशवी अडकवावी तशा.
कुणाची गोळी, मी खाईला म्हटलं, मावशींना विचार ना.
त्याने विचारलं नाही.
"हे पाहुणेच विचारतात," एवढंच म्हणाला, आणि खुर्च्या आणायला गेला.

हात धुवायचे होते. बाई म्हणाल्या, सा-फोंग.
हा शब्द फ्रेंचांचा, खाईने सांगितलं.
आमचा साबण पोर्तुगीजांचा, मी म्हणालो.
मग आम्ही तिघं त्या झिजलेल्या हिरव्या वडीकडे बघत राहिलो,
दूरच्या नात्यातलं कुणी अचानक दारात उभं राहावं तसे.

जेवणानंतर बाईंनी बिस्किटांचा डबा काढला. त्यात एकच कागद.
आजोबांना नेलं त्या रात्रीचा. ब्रशची अक्षरं,
वरून खाली, शेवटची ओळ अर्धी.
बाईंना वाचता येते ती लिपी पाद्र्यांनी रुजवलेली,
रोमन, डोक्यावर टोप्या, पायाशी टिंबं.
आजोबांची येत नाही.
कुणाला दाखवला नाहीत?
एका म्हाताऱ्या गुरुजींना दाखवला होता.
ते म्हणाले, तांदळाचा हिशेब.
"असेलही," बाई म्हणाल्या.
"पण त्या रात्री हिशेब कोण लिहील?"
थोड्या वेळाने:
"आजोबा लिहितील. तेच लिहितील."

मी सांगितलं नाही की घरी एलआयसीच्या फाइलीत
पणजोबांचा एक मोडी कागद आहे.
तीस वर्षं भूमी अभिलेखात काढली,
शेजारच्या टेबलावर मोडी वाचणारे दळवी,
रोज डब्यातली चटणी देणारे,
त्यांच्यापुढे तो कागद एकदाही ठेवला नाही.
वेळ नव्हता असं नाही.
हिशेबच निघाला असता तर?

दुपारी गल्लीने नोटा जाळल्या. पत्र्याच्या डब्यांतून,
पोरं काडीने ढवळत, एकमेकांच्या नोटा मोजत.
बाईंनी माझ्या हातात एक बंडल दिलं:
तुमच्याकडचं कुणी असेल तर.
मी विचार केला. मग टाकलं.

संध्याकाळी नदीकाठी उभा होतो.
समोर तो लोखंडी पूल, दोनदा उडवलेला,
दिवे लागून नव्या नवरीसारखा नटलेला.
लेकीचा फोन आला. बाबा, राजवाडा पाहिलात?
नाही. जेवायला गेलो होतो.
कुणाकडे?
शेजारी.
तुमचा आवाज असा का येतोय?

वारा आहे, म्हटलं.